आधी स्पर्श, मग छेद

॥ श्री गणेशाय नमः ॥



"डॉक्टर, यंदाही स्मरणिकेसाठी आरोग्यावर काहीतरी लिहा," असा संपादक मंडळाचा निरोप आला. मधुमेह आणि रक्तदाब यांवर यापूर्वी दोनदा लिहून झाले आहे, आणि ते वाचून उत्सवात कोणी एक मोदक कमी खाल्ल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही! म्हणून यंदा परवानगी घेऊन वेगळा विषय निवडला आहे. विषय आहे लाकडी वाडगा.

मी प्रवचनकार नाही. मिरजेला एम.बी.बी.एस. केले, १९९६ साली या देशात आलो आणि तेव्हापासून रुग्णच तपासतो आहे. पण माझे लहानपण कराडचे. कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळ आजीच्या मांडीवर बसून मी पुष्कळ कीर्तने ऐकली. त्यातले अर्धे झोपेत ऐकले असेल; तरी एवढे आठवते, की कीर्तनकार बुवा पूर्वरंगात विषय समजावून सांगत आणि उत्तररंगात त्यावर आख्यान लावत. मीही तोच क्रम धरतो. चुकले-माकले आपण सांभाळून घ्यालच.

प्रथम पूर्वरंग.

लेथ हे लाकूड फिरवायचे यंत्र. कुंभाराच्या चाकावर माती फिरते, लेथवर लाकूड फिरते. फरक असा, की कुंभाराला भर घालता येते, बिघडले तर गोळा मोडून पुन्हा सुरुवात करता येते. लेथवर फक्त काढता येते. काढलेले परत लावता येत नाही. आपल्याकडे या कारागिराला कातारी म्हणतात. सावंतवाडीची लाखेने रंगवलेली भातुकली, आपल्या घरातले लाटणे, पाळण्याचे गोल दांडे हे सगळे कातकाम. जुन्या हातलेथवर एक माणूस दोरी पुढे-मागे ओढतो. लाकूड एकदा इकडे फिरते, एकदा तिकडे. कातारी एकाच दिशेच्या फेऱ्यात कापतो, उलट फेऱ्यात हत्यार जरासे मागे घेतो. म्हणजे निम्मा वेळ काम आणि निम्मा वेळ थांबणे, हे त्या यंत्रातच बांधलेले असते. विजेच्या लेथने ही सोय काढून टाकली. आता थांबायचे ते आपले आपणच शिकावे लागते.

लाकडी भांडे आपल्या धर्माला परके नाही. श्रौत यज्ञातली आहुतीची पात्रे लाकडाची, आणि कोणते पात्र कोणत्या झाडाचे हेही ठरलेले. जुहू पळसाची, उपभृत पिंपळाची, स्रुवा खैराचा. मनुस्मृतीने संन्याशाला चार प्रकारची पात्रे सांगितली आहेत : दुधी भोपळ्याचे, लाकडाचे, मातीचे आणि बांबूचे. धातूचे नाही. श्वेतांबर जैन साधूंच्या हातातही लाकडी पात्रच असते. जे फुटले-हरवले तरी मन त्यात अडकत नाही, पण असेपर्यंत जपून वापरावे लागते, असे हे भांडे आहे.

आता मी या वाटेला कसा लागलो ते सांगतो.

२०२१ च्या ऑक्टोबर महिन्यात आमच्या शेजाऱ्यांचे ॲशचे मोठे झाड पाडावे लागले. न्यू जर्सीत राहणाऱ्या पुष्कळांच्या अंगणात हे घडले आहे. पाचूसारखा हिरवा, जेमतेम अर्धा इंच लांबीचा एक भुंगेरा आहे. बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून तो आशियातून या देशात आला. २००२ साली डेट्रॉइटच्या परिसरात तो प्रथम ओळखला गेला आणि २०१४ साली आपल्या न्यू जर्सीत सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली राहून झाडाचे अन्न वाहून नेणारा थर पोखरतात. झाड बाहेरून धडधाकट दिसते. आधी शेंड्याच्या फांद्या वाळतात, मग काही वर्षांत सगळे संपते. डॉक्टर म्हणून मला हा रोग चांगला समजला. आमच्याकडे येणारी निम्मी माणसे अशीच असतात.

शेजारी सत्तरीतले. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. खोडाचे तुकडे गॅरेजमध्ये नेताना मी त्यांना हात लावू लागलो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "डॉक, तुम्हाला झोप लागत नाही का?"

लागत नव्हती. कारण त्याच वर्षी मे महिन्यात माझी आई कराडला कोविडने गेली होती. त्याविषयी उत्तररंगात सांगेन. त्यांना एवढेच म्हणालो, "नाही लागत." ते म्हणाले, "शनिवारी सकाळी या."

पहिल्या शनिवारी त्यांनी मला लेथला हातही लावू दिला नाही. खोडाची लांबी त्याच्या व्यासाएवढी ठेवून ते मधोमध उभे चिरायचे, म्हणजे गाभा निघून जातो, हे शिकवले. गाभा वाडग्यात राहिला तर तिथून तडा जाण्याची भीती फार. दुसऱ्या शनिवारी धार लावायला शिकवले. तिसऱ्या शनिवारी लाकूड लेथवर चढले आणि त्यांनी तीन शब्द सांगितले. इंग्रजीत त्यांची आद्याक्षरे ए, बी, सी अशी येतात, म्हणून इथले सगळे कातारी ती पाठ करतात. मी ती मराठीत अशी करून घेतली आहेत : टेका, स्पर्श, छेद.

टेका म्हणजे हत्यार आधी लेथच्या आडव्या लोखंडी टेकूवर घट्ट टेकवायचे. हवेत धरायचे नाही. स्पर्श म्हणजे हत्याराच्या धारेमागे जो घासलेला उतार असतो, तो फिरत्या लाकडावर अलगद ठेवायचा. या वेळी धार कापत नाही. हत्यार नुसते लाकडाच्या पाठीवर बसलेले असते, लाकडाचा वेग, उंचसखलपणा हाताला कळत असतो. आणि मग छेद : मूठ जराशी उचलायची, की धार आपोआप लाकडात उतरते आणि रिबिनीसारखी लांब ढलपी निघते. जोर लावावा लागत नाही.

ऐकायला किती सोपे! चौथ्या शनिवारी मी रात्रपाळी करून थेट त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो. बारा इंच व्यासाचा ठोकळा मिनिटाला सहाशे फेऱ्यांनी फिरत होता. या वेगात त्याची कड ताशी वीस मैलांच्या वर धावत असते. मला घाई होती. टेका दिला, स्पर्श विसरलो आणि धार सरळ लाकडात घातली. आधार नसलेली धार फिरत्या लाकडाला भिडली, की लाकूड तिला आत ओढून घेते. मोठा आवाज झाला. ठोकळा पकडीतून सुटला, माझ्या तोंडावरच्या जाड प्लास्टिकच्या ढालीला घासून भिंतीवर आपटला. ढाल नसती तर हा लेख दुसऱ्या कोणाला लिहावा लागला असता. (आरोग्यविषयक सल्ला मागितलाच आहे, तर एक देतो : ज्यांना हा छंद लागेल त्यांनी तोंडावर ढाल आणि नाकावर धुळीचा मास्क लावल्याशिवाय लेथ सुरू करू नये. लाकडाची बारीक धूळ फुप्फुसाला आणि नाकाला घातक आहे, कर्करोगाला कारण होणाऱ्या पदार्थांत तिची नोंद आहे.)

शेजाऱ्यांनी लेथ बंद केला. रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही लाकडाला भेटलाच नाहीत, डॉक. एकदम कापायलाच लागलात."

मंडळी, हे वाक्य मी त्या दिवशी घरी घेऊन आलो, ते अजून माझ्यापाशी आहे.

आपल्या पूजेचा क्रम आठवा. गणपती आणला आणि लगेच नैवेद्य दाखवला असे आपण करत नाही. आसन मांडतो, मूर्ती स्थिर ठेवतो : हा टेका. मग प्राणप्रतिष्ठेच्या वेळी गुरुजी यजमानाला मूर्तीच्या हृदयाला हात लावायला सांगतात. इतकी वर्षे मी तो हात लावला, पण एक डोळा घड्याळावर ठेवून. हा स्पर्श. षोडशोपचार त्यानंतर. ज्याचे काही करायचे त्याला आधी हात लावायचा, तो जिवंत आहे हे मानायचे, मग पुढचे कर्म. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो तीही हेच सांगण्यासाठी असावी, असे मला आता वाटते. ज्या धारेने कापायचे तिला आधी हळद-कुंकू लावून नमस्कार.

पूर्वरंगात अजून एक गोष्ट राहिली. ओले लाकूड कातले, की वाडगा लगेच पुरा होत नाही. आधी तो जाड ठेवतात. व्यासाच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे बारा इंचाला सव्वा इंच जाडी. मग उघड्या धाग्यांना मेण लावून, कागदी पिशवीत घालून सहा महिने ते वर्षभर बाजूला ठेवून देतात. लाकूड वाळताना सगळ्या बाजूंनी सारखे आकसत नाही. वर्तुळांच्या दिशेने जवळजवळ दुप्पट आकसते, म्हणून गोल वाडगा लंबगोल होतो. ते वेडेवाकडे होणे पुरे झाले, की पुन्हा लेथवर चढवून गोल करायचे. जाडी जास्त ठेवलेली असते ती याचसाठी. मी दर रविवारी माझ्या वाडग्याचे वजन करून रुग्णाच्या तक्त्यासारखी नोंद ठेवली. वजन उतरायचे थांबले तेव्हा अकरा महिने झाले होते.

त्या अकरा महिन्यांत मला गोरोबाकाकांची कथा पुष्कळदा आठवली. तेरढोकीला संतमंडळी जमली होती आणि गोरा कुंभारांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून मडके पक्के की कच्चे ते पाहिले. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. लहानपणी मला नामदेवांचा अपमान झाल्याचे वाईट वाटायचे. आता कळते, की कच्चे म्हणजे टाकाऊ नव्हे. कच्च्याला अजून आच आणि वेळ द्यायचा असतो. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के झाले. मला कोणी कच्चे म्हटले तर यापुढे मी रागावणार नाही. निदान प्रयत्न करीन.

इथे पूर्वरंग संपला. आता उत्तररंग. आख्यान आहे संत रोहिदासांचे, आणि त्यातही एक लाकडी भांडेच आहे.

रोहिदास काशीला राहत. जोडे शिवत. कातडे भिजवायला त्यांच्यापाशी पाण्याने भरलेली काठवट असे. एकदा पर्वणीला एक ब्राह्मण गंगास्नानाला निघाला. रोहिदासांना म्हणाला, चला. रोहिदास म्हणाले, आज एका गिऱ्हाईकाला जोडे द्यायचे वचन दिले आहे. एवढे एक नाणे माझ्या वतीने गंगामाईला द्या. ब्राह्मणाने ते नाणे दिले तेव्हा पाण्यातून हात वर आला आणि गंगेने रोहिदासांसाठी सोन्याचे कंकण दिले. ब्राह्मणाला लोभ सुटला. त्याने ते राजाला नेऊन दिले. राणीला जोडीचे दुसरे कंकण हवे झाले. आता दुसरे कुठून आणणार? शेवटी तो रडत रोहिदासांकडे आला. रोहिदासांनी डोळे मिटले, गंगामाईचे स्मरण केले, समोरच्या काठवटीत हात घातला आणि दुसरे कंकण बाहेर काढले. कातडे भिजवायच्या त्या पाण्यात गंगा आली होती.

या कथेचा अर्थ आपण असा सांगतो, की मन शुद्ध असेल तर गंगेपर्यंत जायला नको, गंगा घरी येते. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही कथा फार सोयीची! मीही ती सोयीनेच वापरली. लेकी-सुनांच्या बाळंतपणाला, भावाच्या गृहप्रवेशाला, वडिलांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला मी गेलो नाही, आणि प्रत्येक वेळी म्हणालो, मनाने मी तिथेच आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आईला ताप आला. दादाचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी निघू शकलो असतो. मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात बघू, आकडे कसे येतात ते." मग परिस्थिती झपाट्याने बिघडली आणि जाणे खरोखरच कठीण झाले. मी रोज दोनदा व्हिडिओवर येत असे. आई उशीला टेकून बसलेली. ती विचारायची, "अरे, जेवलास का?" आणि मी विचारायचो, "सॅच्युरेशन किती आहे?" ती म्हणायची, "बारीक दिसतोस." मी दादाला म्हणायचो, "फोन जरा त्या मशीनकडे धर." बारा दिवस असे चालले. स्टेरॉइडचा डोस, ऑक्सिजनचा प्रवाह, कोणते इंजेक्शन द्यावे आणि कोणते देऊ नये, हे सगळे मी इथून सांगत होतो. त्यात वैद्यकीय चूक नव्हती, हे मी नंतर अनेकदा तपासले. पण त्या बारा दिवसांत मी आईला एकदाही सांगितले नाही, की मी जेवलो.

तेराव्या दिवशी ती गेली.

म्हणून शेजाऱ्यांचे वाक्य मला लागले. मी आईला भेटलोच नव्हतो. एकदम कापायलाच लागलो होतो.

आता रोहिदासांची कथा पुन्हा पाहा. ते गंगेला का गेले नाहीत? आळसाने नाही, आणि मन शुद्ध आहे म्हणूनही नाही. ज्याला शब्द दिला होता त्या माणसाचे जोडे हातात होते म्हणून. त्यांचे मन आणि हात एकाच ठिकाणी होते, त्या काठवटीत. म्हणून गंगा तिथे आली. माझा हात एकीकडे आणि मन दुसरीकडे असेल, तर मी काठवट भरून ठेवली काय आणि काशीला गेलो काय, गंगा यायची कुठे? ही कथा न जाण्याची सबब नाही. जिथे आहात तिथे तरी पूर्ण असा, एवढे ती मागते. आणि जिथे जायला हवे तिथे वेळेवर जा, हे तिने सांगायची गरजच नाही.

२०२२ च्या डिसेंबरात मी कराडला गेलो. स्वयंपाकघरात आईची काठवट होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षे तिने तिच्यात भाकरीचे पीठ मळले. एका कडेला तडा गेलेला, त्यावर दादाने पत्र्याची पट्टी ठोकलेली. ती मी मागून घेतली. इथल्या विमानतळावर अधिकाऱ्याने लाकडाला कीड नाही ना हे उलटसुलट करून पाहिले. मला ते ॲशचे झाड आठवले आणि मी त्याला मनापासून धन्यवाद दिले.

खरे सांगायचे तर मनात होते, की काठवट लेथवर चढवावी, कड सारखी करावी, तडा काढून टाकावा, तेल लावून चकचकीत करावी. शनिवारी ती घेऊन शेजाऱ्यांकडे गेलो. त्यांनी ती हातात घेतली, डोळे मिटून आतून तळवा फिरवला. मग माझा हात धरून मध्यावर ठेवला. तिथे एक उथळ खळगा आहे. आईच्या तळव्याचा. काही वेळाने ते म्हणाले, "यातलं आता काही काढायचं नाही."

ती काठवट आमच्या स्वयंपाकघरात आहे, पट्टीसकट. रविवारी माझी पत्नी तिच्यात भाकरीचे पीठ मळते, कधी मी मळतो. माझ्या भाकरीचा आकार त्या वाळलेल्या वाडग्यासारखाच लंबगोल येतो!

ॲशचा वाडगा मी पुन्हा गोल केला, अक्रोडाचे तेल नव्हे, (कोणाला त्याची ॲलर्जी असू शकते) खाण्यायोग्य खनिज तेल आणि मधमाशीचे मेण लावून. दुसरा एक करताना लोभ सुटला, तळ अजून थोडा पातळ करू म्हणून हत्यार चालवले आणि ते आरपार गेले. त्या वाडग्याचे नरसाळे झाले. ते माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर ठेवले आहे. कुठे थांबायचे ते विसरू नये म्हणून. आता रुग्ण समोर बसला, की मी आधी संगणकाकडे पाहत नाही. मनगट हातात घेऊन नाडी पाहतो. यंत्राने आकडा दाखवलेला असतो, तरी पाहतो. वयस्कर रुग्ण असेल तर विचारतो, जेवलात का? मग बाकीचे. दिवसाला दोन रुग्ण कमी होतात, पण झोप लागते.

मंडळी, यंदा आरतीनंतर खिरापत ज्या लाकडी वाडग्यातून वाटली जाईल तो हाच. एका परक्या किड्याने मारलेल्या इथल्या झाडाचा, एका इथल्याच शिक्षकाने शिकवलेला. त्यावर माझे नाव नाही. तो हातात घ्याल तेव्हा खिरापत उचलण्याआधी क्षणभर त्याच्या पाठीवर तळवा ठेवा. आणि घरी गेल्यावर आई-वडिलांना, नसतील तर जे कोणी वडीलधारे उरले असतील त्यांना फोन लावा. रिपोर्ट काय आला, औषध घेतले का, हे नंतर विचारा. आधी ते जे विचारतील त्याचे उत्तर द्या. म्हणा, "हो, जेवलो. तू जेवलीस का?"

श्रीगजानन आपणा सर्वांच्या हाताला टेका देवो, स्पर्श देवो आणि थांबण्याची बुद्धी देवो, हीच प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!